काळ्या घळीची अधिकृत उंची

त्या हिवाळ्यात आमच्या पहाडाची उंची चार वेळा बदलली. पहाड जागचा हलला नाही. हलायचा तो माझा ब्रश.

मी टिकम. सेरीधारमध्ये बोर्ड रंगवतो. मनालीहून वर येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पर्यटकांना कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं आहेत ना, 'ड्रेस नं. ४१', 'ड्रेस नं. २०७', त्यातले निम्मे आकडे माझ्या हातचे. हे आकडे रस्त्याने क्रमाने येत नाहीत. ज्याला जो शुभ वाटला तो त्याने घेतला. त्यामुळे एकशे आठ नंबर आमच्याकडे पाच वेळा लागतो आणि तेरा नंबर शोधत निघालात तर लेहला पोचाल. सांगायचं कारण इतकंच, की आकड्यांशी आमचं नातं पहिल्यापासून मोकळंढाकळं आहे.

गावचे प्रधान, म्हणजे सरपंच, लोतराम चाचा. त्यांचं दुकान ड्रेस नं. १११, मैदानाच्या अगदी वरच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर. 'बर्फाला सगळ्यात जवळचं दुकान' असं त्यांनी माझ्याकडून लाल रंगात लिहून घेतलं होतं. त्या वर्षी मग्घर, म्हणजे तुमचा मार्गशीर्ष, निम्मा उलटला तरी गावात बर्फाचा कण नव्हता. बर्फ नसताना कोट भाड्याने देणं ही कला आहे आणि चाचा त्यातले उस्ताद. पर्यटक गुडघ्यापर्यंत कोट चढवून, घामाने निथळत, सुक्या गवतात उभे असायचे.

"बर्फ कुठंय?" ते विचारायचे.

"थोडं पुढे," चाचा सांगायचे.

आमच्याकडच्या 'थोडं पुढे'ला हद्द नसते.

खरा बर्फ एकाच ठिकाणी होता, काळ्या घळीत. घळ गावाच्या पाठीशी उभी आहे, अरुंद आणि चढी, तोंड उत्तरेला. दसऱ्याला तिथून गेलेलं ऊन होळीला परत येतं. बाकी सगळा पहाड तपकिरी आणि मधोमध ती एक पांढरी रेघ. लग्नाच्या जेवणात शेवटची पंगत गोड भाताच्या पातेल्याकडे बघते तसा सगळा गाव त्या रेघेकडे बघत होता.

पण घळीत कुणी उठून जाऊ शकत नाही. ती आधी उघडावी लागते. हंगामातली पहिली तुकडी घळीच्या तोंडाशी नागदेवतेच्या शिळेवर हलवा ठेवते, वर चढते, आणि घळीतून उतरून जो सगळ्यात आधी मैदानावर पोचेल त्याला त्या हिवाळ्यापुरता घळीचा हक्क मिळतो. मग स्कीवाले असोत की दोर लावून चढणारे, त्यांना घळीत न्यायचं ते त्यानेच. मग्घर संपेपर्यंत ज्याची पाळी असेल त्याने घळ उघडली नाही, तर पाळी पुढच्याकडे जाते.

त्या वर्षी पाळी देवकला दीदीची होती. दीदी माझ्या बुआची, म्हणजे आत्याची, मुलगी. स्कीची पदकं तिच्या घरात मिरच्या वाळत घालायच्या दोरीवर लटकतात. गाईडचं लायसन काढून तिला तीन वर्षं झाली होती, पण तीनही वर्षं ती दुसऱ्याच्या तुकड्या नेत होती. स्वतःच्या नावावरची ही तिची पहिली तुकडी. स्लोव्हेनियाहून पाच जण आले होते, तीन स्कीवाले आणि दोन चढणारे. त्यांचा म्होरक्या ब्लाझ नावाचा इंजिनियर. दीदीच्या मागची पाळी प्रधानांच्या जावयाची होती. जावई सोलंगला झिपलाइन चालवतो.

आणि तेवढ्यात बुलेटिन आलं.

सरकारी खात्याचं हिमस्खलनाचं बुलेटिन आमच्याकडे मोबाईलवर येतं आणि सहसा गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडलं जातं. या खेपेला कुणीतरी ते वाचलं. तीन हजार मीटरच्या वर, सावलीतल्या तीव्र उतारांवर स्कीवाल्यांनी आणि गिर्यारोहकांनी जाऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. घळीच्या तोंडाशी बोर्ड होता: 'काळी घळ, माथा ३,२४० मीटर.'

चाचांनी समितीची बैठक बोलावली. समिती म्हणजे चाचा, आणि चाचांकडे चहा चांगला असतो म्हणून येणारे बाकीचे.

"बुलेटिन तीन हजारच्या वर लागू आहे ना?" चाचा म्हणाले. "मग आपण खाली येऊ."

"कुठे खाली?" कुणीतरी विचारलं.

"आपण नाही रे. पहाड."

सगळ्यांनी चहाचा एकेक घोट घेतला. मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. मला बोलावणं आलं. मी ३,२४० खरवडून २,९९० केले. अडीचशे मीटर उतरवायला अर्धी दुपार आणि अर्धा डबा रंग लागला. पोलीस चौकीत हवालदार नेगीजींनी उद्या नकाशा काढून शंका विचारू नये म्हणून समितीने रीतसर ठरावही केला: 'बोर्डावर लिहिलेली उंची हीच काळ्या घळीची अधिकृत उंची समजावी.' ठरावाची प्रत शिक्का मारून चौकीत दिली. नेगीजींनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि "बरं" म्हणाले. नेगीजी किन्नौरचे. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे ते कशाची गंमत करतायत आणि कशाची नाही हे कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लाझ बोर्ड बघून आला आणि थेट चाचांच्या दुकानात शिरला.

"दोन हजार नऊशे नव्वद?" तो म्हणाला. "एवढा उंचवटा माझ्या मावशीच्या घरामागे आहे. त्यासाठी मी हिमालयात आलो?"

"सर, उंची मनात असते," चाचा म्हणाले.

"आमच्या क्लबात ती फोटोत लागते."

चाचांनी पुन्हा मला बोलावलं. बोर्डाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी ४,१०० लिहिले. रस्त्याकडची बाजू बुलेटिनसाठी, घळीकडची फोटोसाठी. आता चढताना माथा तीन हजारच्या आत असायचा आणि उतरून मागे वळून पाहिलं की चार हजारांच्या पार. उतरता उतरता माणूस अकराशे मीटर चढायचा. जगात असा पहाड दुसरा नसावा.

दीदीला हे कळलं तेव्हा ती घळीच्या कडेला फावड्याने खड्डा खणत होती. मी बाजूला उभा होतो, कारण खड्डा खणणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं हे माझं आवडतं काम आहे.

"इकडे ये," ती म्हणाली. "हात घाल."

खड्ड्याच्या भिंतीत वरचा थर वाऱ्याने थापून घट्ट केलेला होता. त्याच्यावर उभं राहिलं तर पायाखाली भुई आहे असंच वाटावं. हा मग्घरातला बर्फ. त्याच्याखाली दसऱ्याचा जुना बर्फ होता, सावलीत पडून राहिलेला, पातळ, रात्रीच्या थंडीने पार दाणेदार झालेला. मी मूठभर घेतला तर बोटांमधून साखरेसारखा गळून गेला. गोळाही होईना.

"यंदा बर्फ कमी आहे म्हणून सगळे निर्धास्त आहेत," दीदी म्हणाली. "कमी आहे म्हणूनच घोळ आहे. जाड असता तर खालचा उबेत राहिला असता. आणि पहाडावर दुसरीकडे कुठे बर्फ नाही, म्हणून जो तो इथेच येणार."

"मग नको नेऊ त्यांना."

"मी नाही म्हटलं तर पाळी जावयाकडे. तो नेईल."

"त्याला बर्फातलं काय कळतं?"

"काही नाही. त्याच्याकडे माणूस लोंबकळतो, गाडला जात नाही. त्याला सवयच नाही त्या बाजूची." तिने फावडं झटकलं. "मागे ही घळ सुटली होती तेव्हा अख्खा कळप गेला होता, ऐकलंयस ना? वैशाखात बर्फ वितळला तेव्हा मेंढपाळाचा कुत्रा सापडला. उभाच होता."

मी खड्ड्यातून हात बाहेर काढला.

संध्याकाळी ती प्रधानांच्या घरी गेली. बैठक बसली होती, समोर सिड्डू, आमच्याकडचे वाफवलेले गव्हाचे उंडे, वाफाळत होते, ब्लाझही पाहुणा म्हणून मांडी घालायचा प्रयत्न करत होता. दीदीने एक रिकामी थाळी घेतली, तिच्यावर मूठभर साखर पसरली आणि साखरेवर एक मोठा सिड्डू आडवा ठेवला.

"ही घळ," ती म्हणाली. "साखर म्हणजे दसऱ्याचा बर्फ. सिड्डू म्हणजे मग्घरातला." तिने थाळी तिरकी केली. सिड्डू जागेवर राहिला.

"बघ!" चाचा म्हणाले. "राहिला की."

"आता ब्लाझ सर आले," म्हणत दीदीने सिड्डूवर एका बोटाने टिचकी मारली. सिड्डू घसरला, थाळीवरून सुटला आणि तुपासकट चाचांच्या मांडीवर जाऊन पडला.

चाचा उभे राहिले, नाचले, खाली बसले. "हा गरम होता म्हणून घसरला," ते म्हणाले. "बर्फ गार असतो."

समितीने मान डोलावली. ब्लाझ हसला. "देवकला, आम्ही शिकलेली माणसं आहोत. आमच्याकडे सगळं सामान आहे." आणि त्याने एकेक वस्तू दाखवली. छातीला बांधायचं यंत्र होतं, गाडलेला माणूस कुठे आहे ते पिंपिं करून सांगणारं. बर्फात खुपसायची घडीची लांब काठी होती. ओढलं की फुगून माणसाला वर तरंगत ठेवणारी पिशवी होती. बर्फाखाली सापडण्याचं एकूणएक साधन त्यांच्याकडे होतं. बर्फाखाली न जाण्याचं काही दिसलं नाही.

"चार दिवस थांबा," दीदी म्हणाली. "देवदारात सौम्य उतार आहेत, थोडा बर्फ पडला की तिकडे नेते."

"या हंगामातला हिमालयातला पहिला उतार आमचा असणार आहे, असं मी घरी जाहीर केलंय. दुसरा उतार कुणी बघत नाही."

"मग देवालाच विचारू," चाचा म्हणाले. त्यांना वाटलं, देव आपल्या बाजूला आहे. प्रधान झालं की तसं वाटायला लागतं.

आमच्या नागदेवतेचे गूर बेलीराम. देव त्यांच्या तोंडून बोलतो आणि उत्तर द्यायचं झालं तर ते तांदळाचे दाणे हातावर ठेवतात. दाणे विषम आले तर होकार, सम आले तर नकार. चाचांनी आधी पहाडाची खरी उंचीच विचारून बघितली. बेलीराम म्हणाले, देव हो-नाही सांगतो, मीटरमध्ये बोलत नाही. मग चाचांनी विचारलं, घळ उघडावी का?

हातावर दाणे आले. मोजले. सम.

"देवाला नीट ऐकू गेलं नसेल," चाचा म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा सम.

चाचांनी तळहाताकडे पाहिलं, एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. "आता विषम," चावत चावत ते म्हणाले.

बेलीरामांनी उरलेले दाणे पुडीत बांधले. "लोतराम," ते म्हणाले, "देवाचं उत्तर तू गिळलंस. आता ते तुझ्या पोटात आहे. जपून चाल."

शनिवारी दिवसभर वर वारा सुटला होता. माथ्यावरून पांढरा धूर उडताना दिसायचा. तो सगळा पलीकडच्या उतारावरचा बर्फ होता आणि वारा तो उचलून घळीत आणून भरत होता. ब्लाझने रविवारची सकाळ ठरवली. दीदी नसेल तर जावयाला निरोप गेलेला होताच. तो स्की शोधत होता. त्याला एकच सापडली होती.

दुपारी दीदी माझ्या दारात आली. "ब्रश आहे?"

"किती उंची हवीय?"

"सहा हजारांच्या वर."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने शांतपणे समजावलं. सहा हजार मीटरच्या वरच्या शिखरावर जायचं तर दिल्लीची परवानगी लागते. अर्ज, फोटो, सोबत संपर्क अधिकारी. परवानगी यायला इतका वेळ लागतो की तोवर बर्फ पडून, बसून, वितळून जातो. आणि बोर्डावर लिहिलेली उंची हीच अधिकृत उंची, असा ठराव खुद्द प्रधानांनीच चौकीत दिलाय.

"सहा हजार एक लिही," ती म्हणाली. "जास्त लिहिलं तर खोटं वाटेल."

आम्ही घळीच्या तोंडाशी गेलो. दीदी बाजूच्या खडकावर उभी राहून वर बघत होती. "मी ओरडले की ब्रश टाकून या खडकामागे पळायचं."

"ब्रश टाकून?"

"नवा घेऊन देईन."

"डुकराच्या केसांचा आहे."

"टिकमा, मुकाट्याने आकडे काढ."

मी दोन्ही बाजूंना ६,००१ लिहिले. शून्य इतक्या घाईत काढले की ते बटाट्यासारखे आले. आयुष्यातलं माझं सगळ्यात वाईट काम. वरून एवढा बर्फ बघत असताना माणसाला गोलाई जमत नाही.

रविवारी सकाळी पाचही जण सगळं सामान लटकवून चौकीपाशी आले. नेगीजींनी फाटक खाली केलं.

"कुठे?"

"काळी घळ," ब्लाझ म्हणाला.

"मी आत्ताच तिकडे फेरी मारून आलो," नेगीजी म्हणाले. "सहा हजार एक. दिल्लीची परवानगी दाखवा. संपर्क अधिकारी कुठंय?"

ब्लाझने मनगट पुढे केलं. "हे घड्याळ उपग्रहाला विचारून उंची सांगतं. घळीचा माथा तीन हजार दोनशे चाळीस आहे."

नेगीजींनी खिशातून ठरावाची घडी काढली. "उपग्रहाची सही यावर कुठे आहे?"

ब्लाझ दीदीकडे वळला. "तू गाईड आहेस. तू सांग, उंची किती?"

"मी काय सांगणार?" दीदी म्हणाली. "मी कायद्याने चालणारी बाई आहे."

तेवढ्यात चाचा धावत आले. घाईत एका पायात त्यांचा गमबूट होता आणि दुसऱ्या पायात कुण्या पर्यटकाच्या मुलाचा. मागून जावई आला, एक स्की खांद्यावर घेऊन.

"नेगीजी, तो बोर्ड खोटा आहे!" चाचा ओरडले.

"खोटा?" नेगीजींनी पेन उघडलं. "मग खरी उंची तुम्ही सांगा. इथे लिहून सही करा, मी फाटक उघडतो."

चाचांनी तोंड उघडलं. "तीन हजार दो..." आणि ते थांबले. तीन हजार दोनशे चाळीस म्हटलं तर बुलेटिन लागू. त्यांनी समोर ब्लाझकडे पाहिलं. दोन हजार नऊशे नव्वद म्हटलं तर तो आत्ताच्या आत्ता मावशीकडे परत जाणार. चार हजार शंभर म्हटलं तर बुलेटिन पुन्हा लागू, आणि वर दुसऱ्या बाजूचं काय, हा प्रश्न. चाचांचं तोंड उघडंच राहिलं. एवढे आकडे एका वेळी त्यात मावत नव्हते.

"सांगा, प्रधानजी," नेगीजी म्हणाले. "पहाड कितीचा?"

"समितीला विचारावं लागेल."

"विचारा."

"ती अजून उठलेली नाही."

"सासरेबुवा," जावई म्हणाला, "मी तोवर दुसरी स्की शोधू का?"

आणि मग वर 'हुम्' असा आवाज झाला. मोठा नाही. म्हैस जड अंगाने खाली बसते तेवढाच. दीदीने मान वर केली. तिचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. घळीच्या वरच्या अंगाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बारीक काळी रेघ उमटली होती, कुणी नखाने ओढल्यासारखी. रेघेखालचा सगळा बर्फ एकसंध सरकला, मग त्याच्या लाद्या झाल्या, मग त्या दिसेनाशा झाल्या आणि नुसता पांढरा ढग खाली यायला लागला. त्याचा आवाज मात्र मागून आला.

"मागे! भिंतीमागे!" दीदी ओरडली.

सगळे चौकीच्या भिंतीमागे पडले. ब्लाझ चाचांवर, चाचा जावयावर, जावई स्कीवर. नेगीजी मात्र जागेवरून हलले नाहीत. त्यांनी फाटकाची साखळी तेवढी घट्ट केली. हिमस्खलनाकडेही परवानगी नव्हती.

वारा आला, तोंडात, कानात, कॉलरमध्ये बारीक बर्फ घुसला आणि मग एकदम काही नाही. कावळासुद्धा नाही.

ढग बसल्यावर दिसलं की बर्फ ओढ्याच्या पात्रातून मैदानाच्या कडेपर्यंत आला होता. घळीचं तोंड जिथे होतं, जिथे या वेळेला ब्लाझची माणसं स्कीच्या तळाला चढताना न घसरण्यासाठीचे केसाळ पट्टे चिकटवत बसली असती, तिथे घराएवढे ढेकळांचे ढीग होते.

"आपण पाच आहोत ना?" ब्लाझने विचारलं.

"पाच," दीदी म्हणाली.

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा त्याने स्वतः मोजलं, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून, आणि चुकून जावयालाही धरलं. मग तो रस्त्यातच खाली बसला. त्यांच्या छातीवरची यंत्रं पिंपिं करत एकमेकांना शोधत होती आणि एकमेकांना सापडत होती. दीदी बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"ब्रश घेऊन देणार होतीस," मी म्हणालो.

"मी ओरडले तेव्हा ब्रश तुझ्या घरीच होता ना?"

"तरी पण."

ती हसली, आणि मग तिला बराच वेळ थांबता आलं नाही.

आता गोष्ट खरं तर संपायला हवी. पण बोर्डाचं राहिलं.

हिमस्खलनाने बोर्ड खांबासकट उपटला होता आणि ओढ्यातून खाली आणून ड्रेस नं. १११ च्या दारात रोवला होता. अगदी सरळ. मी रोवला असता तर इतका सरळ झाला नसता. 'बर्फाला सगळ्यात जवळचं दुकान' या पाटीपासून बर्फ हातभर लांब थांबला होता, आणि मधोमध बोर्ड: 'काळी घळ, माथा ६,००१ मीटर.'

चाचा पहिल्या दिवशी थरथरले आणि दुसऱ्या दिवशी सावरले. गावात बर्फ आला होता, तोही दुकानापर्यंत चालत. पर्यटकांची रांग लागली. बोर्डाला मिठी मारून लोक फोटो काढायला लागले. जळगावचे एक काका दुकानाच्या पायरीवर टेकले, बोर्ड वाचला आणि बायकोला म्हणाले, "तरीच म्हटलं, सकाळपासून दम का लागतोय." त्यांना कापूर हुंगायला द्यावा लागला.

तिसऱ्या दिवशी नेगीजी आले.

"प्रधानजी, ठरावानुसार बोर्डावरची उंची ती अधिकृत," ते म्हणाले. "बोर्ड इथे उभा आहे. म्हणजे हे दुकान सहा हजार एक मीटरवर. इथे येणाऱ्या प्रत्येकाची दिल्लीची परवानगी लागेल. तुमचीसुद्धा. तुमचा संपर्क अधिकारी कोण?"

चाचांनी खूप वेळ त्यांच्या चेहऱ्यात हसू शोधलं. नेगीजी किन्नौरचे.

संध्याकाळी समिती बसली. जुना ठराव रद्द झाला. नवा ठराव एका ओळीचा होता: पहाडाची उंची पहाडाएवढीच आहे. मला निरोप आला, "टिकमा, ब्रश घे. खरी लिही." मी ३,२४० लिहिले. या खेपेचे शून्य इतके गोल आले की मीच दोन पावलं मागे सरून बघत राहिलो.

राहिला प्रश्न हक्काचा. जावई म्हणाला, दीदीने मग्घर संपेपर्यंत घळ उघडली नाही, आता पाळी माझी. दीदी म्हणाली, तुझी स्की अजून एकच आहे. वाद बेलीरामांपुढे गेला.

"रीत काय आहे?" बेलीराम म्हणाले. "घळीतून उतरून मैदानावर जो पहिला पोचेल त्याचा हक्क. यंदा पहिला कोण आला?"

सगळ्यांनी मान वळवून बोर्डाकडे पाहिलं.

"मग झालं," बेलीराम म्हणाले. त्यांनी तांदूळ काढले, हातावर ठेवले आणि चाचांपासून जरा लांब धरून मोजले. विषम.

अशा रीतीने त्या हिवाळ्यापुरता काळ्या घळीचा हक्क बोर्डाला मिळाला. कुणाला घळीत जायचं तर बोर्डाने न्यायला हवं, आणि बोर्ड कुणाला नेत नव्हता. पुढे नवा बर्फ पडला तेव्हा ब्लाझच्या तुकडीला दीदीने देवदारातल्या सौम्य उतारावर नेलं. गुडघाभर बर्फ, आजूबाजूला गाई. ब्लाझने फोटो घरी पाठवला, त्यात त्याच्यापेक्षा गाय मोठी दिसते. खाली त्याने फक्त 'पाच' असं लिहिलं होतं. जाताना माझ्या बुआला, म्हणजे दीदीच्या आईला, तो हात जोडून नमस्कार करून गेला आणि पुढच्या वर्षीचं दीदीच्या नावावर पक्कं करून गेला.

बोर्ड आम्ही परत वर नेला, पण घळीच्या तोंडापासून बाजूला, खडकामागे लावला. उंचीखाली रिकामी जागा होती.

"हक्कदाराला काहीतरी बोलू दे की," दीदी म्हणाली. म्हणून मी तिथे लाल रंगात लिहिलं: 'आज नको.'

चाचा आठवड्यातून एकदा तरी येतात. हात पाठीमागे बांधून बोर्डासमोर उभे राहतात, घळीकडे बघतात, माझ्याकडे बघतात.

"टिकमा, घळ कधी उघडणार रे?"

"दीदीला विचारलं होतं, चाचा."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, थोडं पुढे."